मोरीजवळचा सांभार

आमच्या कॉलनीत येणारा भाजीवाला भला माणूस आहे. भाजी घेतली की वरून सांभाराच्या चार काड्या पिशवीत कोंबतो. तुम्ही पुण्यामुंबईकडचे लोक त्याला कोथिंबीर म्हणता. आम्ही वऱ्हाड-नागपूरकडून जबलपूरला आलेले, आमच्याकडे सांभारच. मी त्या काड्या वेचून त्याच्या हातगाडीवर परत ठेवते. "अम्मा, फ्री है," तो दर वेळी सांगतो. बहुतेक मला कमी ऐकू येतं असं त्याला वाटतं. फ्री असो नाही तर चांदीचा वर्ख लावलेला असो, मला नको. त्या वासाची मला आजही शिसारी येते.

लहानपणी असं नव्हतं. माहेरी, यवतमाळला, हिवाळ्यात सांभाराशिवाय ताट वाढलं जायचं नाही, आणि मी तो काड्यांसकट चावून खायची. ही शिसारी नंतरची, लग्न होऊन इथे, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आल्यानंतरची. तिला कारण आहे. ते मी इतकी वर्षं कुणाला धड सांगितलं नाही, कारण सांगायला लागलं की समोरचा हसतो. हसण्यासारखंच आहे म्हणा. मला मात्र अजून हसू येत नाही.

घरात आम्ही चौघं. सासरे त्याच फॅक्टरीतून रिटायर झालेले, नवरा तिथेच कामाला, सासूबाई आणि मी. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे मातीचं अंगण आणि अंगणाच्या पार टोकाला संडास. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. मी हे एका वाक्यात सांगून मोकळी होते, पण त्या घरात ते रोज थोडं थोडं सांगितलं जायचं. कधी भाजी निवडताना, कधी पाहुण्यांसमोर, कधी नुसताच उसासा टाकून. त्या दिवाळीत सासूबाई माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत पाहू. नाही तर हिला काही दिवस यवतमाळला पोचवून दे. राहू दे तिकडेच." काही दिवस म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि नवऱ्यानं विचारलं नाही. तो चिवडा खात होता.

बांगलादेशच्या लढाईचा तो हिवाळा. लढाई लागायच्या आधीच हुकूम निघाला की हे फॅक्टऱ्यांचं गाव, बॉम्ब पडला तर इथे आधी पडेल, तेव्हा अंगणाअंगणात खंदक खणा. बापलेकांनी नवऱ्याच्या सुट्ट्या घालवून पडवी आणि संडास यांच्या बरोबर मधे छातीइतका खोल खंदक खणला. मधेच का, तर बाकीच्या जागेत दगड लागत होता. निघालेली काळी माती मोरीच्या बाजूला टाकली. सासूबाईंनी ती मुठीत घेऊन चुरली आणि म्हणाल्या, "अशी लोण्यासारखी माती काय फुकट जाऊ द्यायची?" आणि त्याच मातीचा मोरीजवळ, भिंतीच्या आडोशाला, लांबट वाफा केला. मोरीचं पाणी आपसूक मिळणार, भिंतीमुळे पाला गारठणार नाही, स्वयंपाकघरातून दोन पावलं गेलं की सांभार हातात.

सांभार हवा होता तो वड्यांसाठी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सासूबाईंच्या सांभारवड्या म्हणजे क्वार्टरांतल्या मराठी बायकांचा सणच. टोपलीभर सांभार बारीक चिरायचा, त्यात खसखस, तीळ, सुकं खोबरं, हिरवी मिरची, वरून बेसनाचं पातळ आवरण, आणि कढईतून थेट ताटात. सोबत कढी. पदार्थ चांगला आहे, त्याची काही चूक नाही. पण सासूबाईंना विकतचा सांभार चालायचा नाही. "बाजारातल्याला नाल्याचं पाणी घालतात," म्हणायच्या आणि नाक मुरडायच्या. एवढं लक्षात ठेवा.

पेरणीचा दिवस. धणे अख्खे टाकले तर उगवायला रडवतात, म्हणून रगडून त्यांच्या फाकी करायच्या असतात. सासूबाईंनी धणे पडवीच्या फरशीवर पसरले, नवऱ्याची एक जुनी चप्पल उचलली आणि तिच्या तळानं रगडायला लागल्या. सगळे असंच करतात, म्हणाल्या. करतही असतील. ती चप्पल तो संडासला जाताना घालायचा. मी खाली बसून फाकी गोळा करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं. रागानं नाही. गरम तव्यापासून लेकराचा हात बाजूला करतात तसं.

"तू नको लावू. बियाण्याला लेकुरवाळीचा हात लागावा लागते."

मग शेजारच्या भाभीला हाक गेली. ती इकडचीच, हिंदी बोलणारी, चार मुलांची आई. धाकटं कडेवर होतं. तिनं त्याचं वाहतं नाक बोटांनी पुसलं, बोटं पदराला पुसली आणि उकिडवी बसली. "अरे अम्मा, बहू से ही डलवा लेतीं," ती म्हणाली. "नहीं नहीं," सासूबाई म्हणाल्या, "तुम्हारे हाथ में बरकत है." भाभीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्यावर माझा राग नाही, ती बिचारी पटकन धणे टाकून, मेथीदाणे विखरून, कडेनं लसणाच्या पाकळ्या खोचून निघून गेली. पण मी तिथेच उभी होते आणि बघत होते. चपलेचा तळ चालला, शेंबडाची बोटं चालली. माझा हात मी नुकताच साबणानं धुतलेला होता.

वाफा उगवला, आणि काय उगवला. मेथी तर आठवड्यात माना वर करून उभी. सांभार सावकाश आला, पण आला तो दाट. सासूबाई रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन वाफ्यापाशी उभ्या राहायच्या आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "हाताचा गुण, बाई. दुसरं काही नाही." मी भांडी घासत असायची. घासलेल्या भांड्यांचं पाणी त्याच वाफ्याकडे वाहत जायचं. त्यात आमटीचं खरकटं, सासऱ्यांच्या चुळा, तंबाखूची पिंक, नवऱ्याच्या दाढीचा फेस, सगळं असायचं. तेव्हाही मला कसंसंच व्हायचं, पण मी स्वतःला समजवायची की मातीतून जातं ते, माती सगळं गाळून घेते.

दर महिन्याचे ते चार दिवस मी मागच्या पडवीत काढायची. पोतं अंथरायला, घोंगडी पांघरायला, ताट वेगळं, कशाला शिवायचं नाही. वाफ्याकडे तर फिरकायचंही नाही. विटाळशीची सावली पडली तर सांभार करपते, असं सासूबाईंचं म्हणणं. डिसेंबर लागला, लढाई सुरू झाली आणि ब्लॅकआऊट आला. खिडक्यांना काळा कागद, बल्बवर पुठ्ठ्याची टोपी, टॉर्च लावायची नाही. सहाच्या सुमारास फॅक्टरीचा भोंगा व्हायचा आणि गल्लीतून वॉर्डन शिट्टी मारत जायचा, "बत्ती बुझाओ, बत्ती बुझाओ." माझे चार दिवस नेमके त्यातच आले. मी भिंतीला टेकून घोंगडीत बसलेली, दात वाजत होते, आणि अंगणात हाताला हात दिसत नव्हता.

सासरे तांब्या घेऊन बाहेर आले. संडासापर्यंत जायचं तर अंधारात खंदकाला वळसा घालून जायचं. ते पायरीवर थोडे थांबले, खाकरले आणि मोरीकडे वळले. मला वाटलं, हात धुताहेत. मग आवाज आला. मातीवर धार पडली तर एक आवाज येतो, पाल्यावर पडली तर दुसरा, बारीक, तडतड असा. तो दुसरा होता आणि बराच वेळ चालला. म्हातारपणी वेळ लागतो. नंतर त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं हातपाय धुतले आणि रामरक्षा म्हणत आत गेले. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. पण त्या चार दिवसांत मी कुणाच्या लेखी नसायचीच; पोत्यावर पोतं.

तासाभरानं नवरा ड्यूटीवरून आला. सायकल लावली आणि तोही तिकडेच. निदान त्यानं अंधारात एकदा विचारलं, "कोण आहे?"

"मी आहे."

"अच्छा," तो म्हणाला आणि आपलं काम पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सकाळी मी उजेडात त्या वाफ्याकडे लांबून पाहिलं. हिरवागार, टवटवीत, पानापानावर थेंब चमकत होते. सासूबाई विळ्यानं सांभार कापत होत्या आणि पदरात घेत होत्या. मला दंव कुठलं आणि दुसरं काय, ते कळेना. मी तिथेच पडवीत तोंडाला पदर लावून ओकले.

न्हाऊन घरात आले तेव्हा नवऱ्याला गाठलं. म्हटलं, असं नका करू हो, खायची वस्तू आहे ती. तो बूट काढत होता. म्हणाला, "मग काय खंदकात पडून पाय मोडून घेऊ? इकडे ओव्हरटाइम सुरू आहे." आणि थोडा हसून, "अगं, खतच आहे ते. बाजारातून युरिया आणतात लोक." बोलून मोकळा. राहिले सासरे. सासऱ्यांच्या धोतराची गोष्ट सुनेनं कुणाला सांगायची, आणि कोणत्या तोंडानं? मूग गिळून बसले. सांभार आत आला की तो धुवायचं काम मागून घ्यायची. इतका धुवायची की पानं लिबलिबीत होऊन हाताला चिकटायची. त्यावर सासूबाई म्हणायच्या, "काहून एवढं पाणी नासून राहिली? घरचा आहे, स्वच्छ आहे."

मग लढाई संपली. पेढे वाटले, दिवे लागले, काळे कागद निघाले. अंगणात बल्बचा लख्ख उजेड पडायला लागला, खंदक कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण सवय काही गेली नाही. थंडी फार आहे, तिथवर कोण जातो. बापलेकांनी फक्त एवढंच केलं, तिकडे जायच्या आधी बल्बचं बटण बंद करायला लागले.

माझं खाणं सुटलं. वरणावर सांभार, पोह्यांवर सांभार, पाट्यावर वाटलेली चटणी, मेथीची भाजी, लसणाच्या पातीचं बेसन. जे ताटात येई ते त्या वाफ्यातलं. मी भात आणि मीठ खायची, कधी नुसता गूळ. वास आला की उठून मोरीकडे पळायची, आणि मोरीपाशी तो वाफाच, म्हणजे आणखी एकदा. गाल बसले, डोळे आत गेले. आणि त्या महिन्यात पडवीत बसायचे दिवस आले तेव्हा मला बसावंच लागलं नाही.

सासूबाईंनी दोन दिवस नुसतं निरखलं. मग एका सकाळी त्यांनी मुद्दाम सांभाराची जुडी माझ्या नाकापाशी धरली. मी पळाले. परत आले तेव्हा त्या देवासमोर उभ्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. "मले पहिल्यापासून वाटतच होतं," म्हणाल्या. आनंद झाला की त्यांच्या तोंडून गावाकडचं 'मले' यायचं. मला त्यांनी पाटावर बसवलं, अंगावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. तो गरम होता, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. नवरा सराफा बाजारातून खोव्याची जिलेबी घेऊन आला. सासरे म्हणाले, बादली उचलायची नाही. भाभीला बोलावून कानात सांगितलं गेलं, ती मला मिठी मारून गेली. मी जितकी ओकायची तितका घरात आनंद. सासूबाई चटणीची वाटी पुढे करायच्या, "खा थोडी, तोंडाला चव येईल," मी पळायची, आणि त्या शेजारी सांगायच्या, "डोहाळे कडक आहेत वो, मुलगा दिसते." मला सगळं माहीत होतं. मळमळ कशाची आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण दिवस तर गेलेच होते ना वर. रात्री पोटावर हात ठेवून मीही विचार करायला लागले, की किळस आपल्या जागी आणि हे आपल्या जागी, दोन्ही खरं असलं तर? मला ते खरं असायला हवं होतं. इतकं हवं होतं की मीही त्यांच्यासारखीच खुळी झाले.

एक दिवस सासूबाईंनी माझ्या ओंजळीत धणे आणि मेथी घातली. "आता तूच पेर," म्हणाल्या. "संक्रांतीला हा सगळा कापला जाईल, नंतरसाठी दुसरा वाफा कर. तुझ्या हाताचा पाहू." वाटेल तिथे कर, म्हणाल्या. मी मोरीपासून जितकी लांब जागा मिळेल तितकी शोधली, तुळशीच्या पलीकडे, पुढच्या कुंपणापाशी, जिथे रस्त्यावरचा दिवा पडतो आणि कुणी पुरुष उभा राहणार नाही. धणे मी वाटीच्या तळानं पाटावर रगडले. माती चाळली, खडे काढले, नळ यायचा तेव्हाचं ताजं पाणी तांब्यानं हळूहळू घातलं, थंडीसाठी वर पोतं अंथरलं. रोज पोतं उचलून बघायची. मनाशी ठरवलं होतं की यातली पहिली मूठभर मेथी मी एकटी खाणार, कच्ची, मीठ लावून. कितीतरी दिवसांनी मला कशाची तरी भूक लागली होती.

मेथी आली. दोन दोन पानांची, वाकलेल्या मानेची, ओळीनं. सांभारही कुठे कुठे माती फोडत होता. त्याच दिवशी दुपारी मला पोटात कळ आली आणि सगळं कळून चुकलं.

सांगावं तर लागतंच. लपवलं असतं तरी किती लपवणार? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "आई, मी बाहेरची झाले." त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. त्यांनी तवा उतरवला, हात धुतले आणि पुढच्या अंगणात गेल्या. मी मागच्या बाजूनं वळसा घालून कुंपणापाशी गेले. शिवायचं नव्हतं, म्हणून चार हात लांब उभी राहिले. त्या माझ्या वाफ्यापाशी बसल्या होत्या आणि एकेक रोप उपटत होत्या. रागानं नाही, नीट, तण काढतात तसं. पांढरी मुळं, त्यांना चिकटलेली माती, ते सगळं त्या कुंपणापलीकडे टाकत होत्या. तिथे गाय उभी होती. गायीनंही हुंगून सोडलं.

"आई, काहून उपटून राहिल्या?"

"अपशकुनाचं आहे. घरात नको खायला."

माझ्या डोक्यात काय झालं सांगता येत नाही. मी म्हटलं, "हे उपटता, आणि मोरीजवळचं ठेवता? तिथे रोज संध्याकाळी काय होते माहीत आहे तुम्हाला? मामंजी काय करतात, तुमचा मुलगा काय करतो?" एवढं बोलून मीच घाबरले. चार वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. वाटलं, आता हिचे हातपाय गळतील, ही तोंडावर पदर घेईल, आतापर्यंत काय काय खाल्लं ते आठवून हिला भडभडून येईल.

त्यांनी मान वर केली नाही. पुढचं रोप उपटलं.

"माहीत आहे," म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं त्यांना. अंधारात खंदकात पडले असते म्हणजे? आणि पुरुषाच्या जातीनं काही विटाळत नाही. धुऊनच तर घेतो आपण."

मी विचारलं, "मग भाभीच्या हाताचा गुण?"

"गुण हाताचाच," त्या म्हणाल्या, आणि हात झटकून उठल्या.

मी पडवीत जाऊन पोत्यावर बसले. आश्चर्य म्हणजे मला ओकारी आली नाही. नुसती थंड बसून राहिले आणि त्या बाईनं माझ्या हातात वाढलेली प्रत्येक वाटी आठवत राहिले. माहीत असून वाढलेली. बाजारातल्या सांभाराला नाल्याचं पाणी घालतात म्हणून नाक मुरडणारी ती बाई, माझ्या नाकापाशी जुडी धरणारी. थू, म्हटलं, तुमच्या सोवळ्यावर.

माझे चार दिवस उरकल्यावर, रथसप्तमीच्या आत, संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मोरीजवळचा वाफा सकाळीच सगळा कापला होता. खोलीत बायका मावत नव्हत्या. नऊवारी, जरीचे काठ, अत्तर, तिळगूळ, आणि कढईतून निघणाऱ्या वड्या. "सांभाराला वास काय आहे वो," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "बाजारातल्याला असा कुठून येणार? खत काय घालता हो तुम्ही?" मी कढी वाढत होते. माझा हात तिथेच थांबला आणि मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. हातातली कुंकवाची कोयरी त्यांनी घट्ट धरली होती. खोली भरलेली होती, सगळ्यांच्या तोंडात घास होते, आणि मी फक्त उत्तर द्यायचं होतं.

"सूनबाईला सगळं माहीत आहे," सासूबाई घाईनं म्हणाल्या, "तिच्याच देखरेखीत आहे वाफा. माझी सून हाताची फार चांगली आहे." चार वर्षांत त्यांनी चारचौघींत केलेली माझी ती पहिली स्तुती. मी म्हटलं, "घरचंच खत आहे," आणि कढी वाढली. त्या दिवसानंतर यवतमाळला पोचवायचं बोलणं कुणी काढलं नाही.

मोरीजवळच्या सांभाराला कापलेल्या जागी पुन्हा फुटवे आले. त्याच सुमारास खंदक बुजवायचा होता. बुजवायच्या आधी मी त्यातली थोडी माती एका भोक पडलेल्या बादलीत भरली आणि डब्यातले धणे घेऊन पेरले. बादली पडवीच्या पायरीवर ठेवली, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. उगवला. न उगवायला काय झालं? धणे होते, माती होती, पाणी होतं. सासूबाई येताजाता बादलीकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. उपटायला कुणी आलं नाही. चार बोटं उंच झाला तेव्हा एक दिवस नवरा जेवायला बसता बसता हळूच म्हणाला, "माझ्या वरणात तुझ्या बादलीतला घाल."

"काहून? वाफ्यातला आहे ना भरपूर."

"तो आईबाबांना ठेव."

म्हणजे यालाही कळत होतं. खतच आहे ते, म्हणणारा हा. आईवडिलांना, मला, ओळखीच्या सगळ्या बायकांना तो सांभार खाऊ घालायला याची हरकत नव्हती, स्वतःच्या ताटात मात्र नको होता. मी "बरं" म्हटलं, आत गेले आणि वाफ्यातलाच आणून त्याच्या वरणावर घातला. चांगला मूठभर. त्यानं बोटं चाटून खाल्लं आणि म्हणाला, "पाहिलं? चवच वेगळी आहे."

त्या दुपारी घर झोपलं होतं तेव्हा मी पायरीवर बसून बादलीतल्या काड्या खुडल्या, मीठ घेतलं आणि तोंडाजवळ नेल्या. माझ्या हातानं पेरलेला, नळाच्या पाण्यावर वाढलेला, कुणाची धार न लागलेला सांभार. आणि मला तो तोंडात घालवेना. वास तोच होता. मी सगळा खुडून भाभीला देऊन टाकला. ती म्हणाली, "दीदी, बहुत बढ़िया हुआ है."

सासूसासरे गेले, नवराही गेला, क्वार्टर केव्हाच सुटलं. ही गोष्ट मी अर्धीमुर्धी ज्यांना ज्यांना सांगितली, ते आधी हसतात, छी छी करतात आणि मग आवाज बारीक करून एकच विचारतात, की पुढे मूल झालं का? झालं की नाही, ते मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. एवढं सगळं ऐकून ज्याला अजून तेच विचारावंसं वाटतं, त्यानं खुशाल त्या मोरीजवळचा सांभार खावा.